गंगापूर रोडवर, आठव्या मजल्यावर

नाशिकच्या अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड गोदावरीला उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे जातो. जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल, आकाशवाणी, आनंदवली, सोमेश्वर अशी ठिकाणे ओलांडत तो गंगापूर गावाला आणि तिथून धरणाला पोहोचतो. सगळा मिळून दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. इतिहास म्हणाल तर तोही आहे. आनंदवलीत राघोबादादांचा मुक्काम असे. गंगापूर गावात थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी उतारवयातली वर्षे काढली. नदीपलीकडे मखमलाबाद आहे, आणि ते नाव ऐकले की मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत हे आठवतेच. पण आज या रस्त्याची ओळख वेगळी झाली आहे. जिथे बंगले, मळे आणि द्राक्षाच्या बागा होत्या तिथे आता दहा-दहा, बारा-बारा मजले उभे आहेत. रस्ता होता तेवढाच लांब आहे, वाढला तो वर.

आम्ही इथे राहायला आलो ते जोगवाड्यातून. जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले असे जुनी माणसे सांगतात. जोगवाडा टेक ही त्यांपैकीच एक. आमचे घर मातीच्या भिंतींचे, लाकडी खांबांचे. धोकादायक वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा लागतात, तशी आमच्याही दारावर लागली होती. मग एका श्रावणात मागची भिंत पोटासारखी फुगून बाहेर आली. अम्मींचे वय तेव्हा चौसष्ट, अब्बांना जाऊन चार वर्षे झालेली, आणि घरात दोन लहान मुले. आम्ही दोघांनी घर शोधायला सुरुवात केली. आपल्यासारख्यांना भाड्याचे घर शोधताना किती दारे वाजवावी लागतात ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. खालच्या मजल्याचा हट्ट धरण्याची सोय नव्हती. मिळाले ते गंगापूर रोडवर, आठव्या मजल्यावर. अल्लाहचे आभार मानले आणि सामान हलवले.

लिफ्टमध्ये अम्मींना काही झाले नाही. लिफ्ट म्हणजे बंद पेटी. दार उघडून दिवाणखान्यात आल्या, समोर सरकत्या दाराची गॅलरी आणि तिला काचेचा कठडा. काचेपलीकडे थेट आभाळ. अम्मी होत्या तिथेच थांबल्या. एक हात भिंतीला लावला आणि हळूहळू खाली फरशीवर बसल्या. तळहाताला घाम, पायात गोळे, छातीत धडधड. "जमीन सरकतेय," एवढेच म्हणाल्या.

त्या दिवसापासून दिवाणखान्याच्या त्या बाजूला त्या फिरकल्या नाहीत. पडदे कायम ओढलेले. नमाज आतल्या खोलीत, जेवण स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी. वाळत घातलेले कपडे दुसऱ्या कुणीतरी काढायचे. नातू गॅलरीत गेला की आतून किंकाळी. जोगवाड्यात ज्यांच्या ओट्यावर दुपारी चार बायका बसल्याशिवाय राहत नसत, त्या अम्मी आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत, कारण लिफ्टसमोरच्या व्हरांड्यालाही एक उघडी खिडकी होती. महिना झाला आणि एका सकाळी त्यांनी कपड्यांची बोचकी बांधली. म्हणाल्या, "मला घरी सोडून या. पडायचंच असेल तर आपल्या भिंतीखाली पडेन."

एकीकडे फुगलेली भिंत, दुसरीकडे काचेचा कठडा.

सल्ले पुष्कळ आले. कुणी म्हणाले वयाचा दोष आहे, कुणी म्हणाले सवय होईल. एका शेजाऱ्यांनी तर सांगितले, दोघांनी धरून गॅलरीत न्या आणि एकदा खाली बघायला लावा, भीती कायमची जाईल. हा सल्ला आजही अनेक घरांत दिला जातो म्हणून स्पष्ट लिहितो: असे कुणाच्याही बाबतीत करू नका. जबरदस्तीने काठावर नेलेल्या माणसाच्या मनात भीती आणखी घट्ट बसते, आणि ज्याने नेले त्याच्यावरचा विश्वासही जातो.

आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. कारण चक्कर वेगळी आणि उंचीचे भय वेगळे. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यात बिघाड झाला तर जमिनीवर बसल्या बसल्या, अंथरुणात कूस बदलतानाही घर फिरते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना अंधारी येऊ शकते. अम्मींचा कान ठीक निघाला, रक्तदाब ठीक निघाला. एक गोष्ट मात्र सापडली. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा होता. खाली पाहताना नजर वाचनाच्या भिंगातून जायची आणि पायरीची कड धूसर व्हायची. चालण्यासाठी वेगळा, साधा लांबच्या नजरेचा चष्मा करून घेतला. घरात म्हातारे माणूस जिना उतरताना अडखळत असेल तर आधी चष्म्याकडे बघा.

मग राहिले ते भय. आम्हाला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. जोगवाड्यातल्या घराचा लाकडी जिना शिडीसारखा उभा होता. हाताला धरायला वरून सोडलेला दोर. त्या जिन्यावरून अम्मी चाळीस वर्षे पाण्याच्या घागरी, गव्हाची पाटी, कडेवर मूल घेऊन चढल्या-उतरल्या होत्या. टेकडीवर संसार केलेली बाई उंचीला कशी घाबरेल?

याचे उत्तर डोळ्यांत आहे. आपण उभे असतो तेव्हा अगदी स्थिर कधीच नसतो, किंचित डुलत असतो. समोरची भिंत, खांब, झाड यांच्या आधाराने डोळे ते डुलणे ओळखतात आणि शरीर स्वतःला सावरते. त्या जुन्या जिन्याला दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर भिंती होत्या. आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत जवळचे असे काहीच नसते. जे दिसते ते शंभर पावलांपलीकडे. डोळ्यांना आधार सापडत नाही, डुलणे वाढते, आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. अम्मींना उंची बोचत नव्हती, मोकळी कड बोचत होती. आणि काचेच्या कठड्याने ती कड पुसूनच टाकली होती.

काचेवरून एक प्रयोग आठवतो. अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1960 साली तो प्रसिद्ध केला. एक उंच मेज, त्याचा अर्धा भाग चौकटीच्या कापडाने झाकलेला आणि उरलेल्या अर्ध्या भागावर जाड काच. काचेखाली खोल तळ दिसतो. रांगणारी 36 बाळे एकेक करून मेजावर ठेवली आणि पलीकडून त्यांच्या आयांनी हाका मारल्या. काचेवरून आईकडे गेलेली बाळे फक्त तीन. बाकीच्यांतल्या काहींनी हाताने काच थोपटून पाहिली, ती घट्ट असल्याचे त्यांना कळत होते, तरीही गेली नाहीत. म्हणजे अम्मी जे करत होत्या ते वर्षाच्या आतले लेकरूही करते. ही गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा बऱ्याच दिवसांनी हसल्या. "म्हणजे मी अजून शहाणी आहे," म्हणाल्या.

दुसरा धडा अम्मींच्या भाच्याकडून मिळाला. तो रंगारी. गंगापूर रोडवरच्या कितीतरी इमारतींच्या बाहेरच्या भिंती त्याने झुल्यावर बसून रंगवल्या आहेत. झुला म्हणजे दोन दोरांना बांधलेली फळी. एका शुक्रवारी जुम्मा करून घरी आला तेव्हा अम्मींनी विचारले, "तुला भीती नाही वाटत रे?" तो म्हणाला, "खाला, रोज वाटते. बेल्ट लावला, दोर दोनदा ओढून पाहिला की मग मी खाली बघतच नाही. माझ्यासमोर हातभर भिंत असते, मी भिंत बघतो. ज्याला भीती वाटत नाही अशा पोराला ठेकेदाराने वर पाठवूच नये." पुस्तकात जे दोन पाने घालून लिहिले आहे ते त्याने चहाचा कप संपायच्या आत सांगितले. दुसऱ्याच दिवशी आम्ही काचेच्या कठड्याला आतून बांबूची चीक लावली आणि तिच्यापुढे कुंड्यांची रांग: पुदिना, मोगरा, कोरफड. आता दिवाणखान्यातून नजर जायची ती आधी पुदिन्यावर ठेचायची.

पुढची वाट एका समुपदेशक बाईंनी दाखवली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे. भीतीच्या पायऱ्या करा, सगळ्यात सोपी आधी. प्रत्येक पायरीवर अम्मींनी स्वतः आपल्या भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. भीती शिगेला असताना पळायचे नाही, कारण पळून सुटका झाली की मेंदू शिकतो ते पळणेच. तिथेच बसून राहायचे, गुण निम्म्यावर येईपर्यंत. मग खुशाल परत फिरायचे. आणि कुणीही ओढायचे नाही. गंमत म्हणजे हाच उपाय जर्मन कवी गटे याने 1770 च्या सुमारास स्वतःवर करून पाहिला होता. तो तेव्हा स्ट्रासबर्गला शिकत होता. तिथल्या चर्चचा मनोरा 142 मीटर उंच, त्या काळात जगातली सर्वात उंच इमारत. गटेला उंचीवर भोवळ येई. तो एकटाच मनोऱ्यावर चढायचा, वरच्या टोकाखालच्या जागेत पाव तास बसून राहायचा आणि मग उघड्यावरच्या इवल्याशा चौथऱ्यावर पाऊल टाकायचा. पुन्हा पुन्हा गेला, भोवळ येईनाशी होईपर्यंत. आत्मचरित्रात त्याने हे सगळे लिहून ठेवले आहे. तो विशीतला तरुण होता, आमच्या अम्मी चौसष्टच्या; पण पाव तास बसून राहण्याची गोष्ट दोघांनाही सारखीच लागू पडली.

आमच्या पायऱ्या गंगापूर रोडनेच पुरवल्या. सुरुवात सपाटीवरून. फजरनंतर उजाडले की नदीकाठच्या गोदापार्कात चालायला जायचे. यात उंची कुठे आली असे वाटेल, पण महिनाभर घरात कोंडलेल्या माणसाचे पाय आधी मोकळे व्हावे लागतात. त्यानंतर इमारतीचा जिना. पहिल्या मजल्याच्या वळणावरची खिडकी, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. पहिल्या दिवशी गुण सात. चौथ्या दिवशी तीन. मग दुसरा मजला. अम्मी जिना चढताना हळू आवाजात अल्लाहू अकबर म्हणत, उतरताना सुब्हानल्लाह. हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस सहीह बुखारीत आहे: चढावर लागलो की आम्ही तकबीर म्हणत असू आणि उतारावर तसबीह. अम्मींना ती लहानपणापासून पाठ. समुपदेशक बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, फार चांगले, त्यामुळे श्वास संथ राहतो. अम्मींना श्वासाचे ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, सुन्नत आहे म्हणून म्हणते.

याच जिन्यावर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी बसल्या असताना, त्यांनी आम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. अब्बांबरोबर हजला गेल्या होत्या तेव्हा काफिल्यातले लोक एका सकाळी जबल-ए-नूरवर गारे-हिरा पाहायला निघाले. हजच्या अरकानांत ते नाही, पण जाणारे हौसेने जातात. डोंगर साधारण 640 मीटरचा, वाट उभी आणि एका बाजूने उघडी. अब्बा चढले. अम्मी पायथ्याशी बसून राहिल्या. विचारणाऱ्यांना सांगितले, गुडघे दुखतात. "गुडघे तेव्हा चांगले होते," त्या म्हणाल्या. म्हणजे भय आठव्या मजल्याने दिलेले नव्हते. जोगवाड्यात त्याची गाठ पडत नव्हती, एवढेच.

मखमलाबादच्या बाजूला जाणाऱ्या पुलावर आम्ही हिवाळ्यात गेलो. कठड्याच्या गजांतून खाली गोदावरी दिसते. वाहते पाणी स्थिर उभ्या माणसाला फसवते. पाणी सरकते आणि वाटते आपणच सरकतो. गुण एकदम नऊवर गेले. परत आलो. चार दिवसांनी पुन्हा गेलो, यावेळी अम्मी गजाला हात लावून उभ्या राहिल्या आणि पाण्याऐवजी काठावरच्या एका झाडाकडे बघत राहिल्या. नातीला हातात शेंगांची पुडी दिली होती, ती संपेपर्यंत थांबलो.

सोमेश्वरच्या धबधब्याला गेलो ते पावसाळ्यात. गोदावरी तेव्हा तांबडी होऊन काळ्या खडकांवरून कोसळत असते, आवाजाने शेजारचे बोलणे ऐकू येत नाही, भाजलेल्या कणसांचा धूर आणि तुषार एकमेकांत मिसळलेले. अम्मींनी रेलिंगपासून दहा पावलांवर बाकडे पकडले. त्यांच्यासमोर पोरांचे टोळके रेलिंग ओलांडून शेवाळलेल्या खडकावर फोटो काढायला उतरले. अम्मी ताडकन उठल्या, सरळ रेलिंगपर्यंत गेल्या आणि गजाला धरून ओरडल्या, "या वर! आई नाही का तुम्हाला?" पोरे वर आली. आपण कुठे उभ्या आहोत हे अम्मींच्या लक्षात आले ते त्यानंतर. मागे फिरल्या नाहीत. पाच मिनिटे तिथेच उभ्या राहिल्या, तोंडावर तुषार घेत. ज्यांना भीती अजिबात वाटत नाही त्यांच्यासाठीही कुणी समुपदेशक असायला हवा, असे आम्हाला त्या दिवशी वाटले.

धरणावर मात्र आमचा अंदाज चुकला, चांगल्या अर्थाने. गंगापूरचे धरण मातीचे, 1965 साली पूर्ण झालेले. उंची सुमारे 36 मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी. लांबी जवळजवळ चार किलोमीटर. नाशिकच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः इथलेच. प्रत्यक्ष बांधावर फिरायला जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे, पण रस्त्यावरून त्याचा गवताळ उतार नीट दिसतो. अम्मी गाडीतून उतरल्या आणि खुशीत बघत राहिल्या. आम्ही विचारले, किती गुण? म्हणाल्या, "कसले गुण? ही तर आपली टेकडी आहे." आमच्या इमारतीपेक्षा उंच असलेली ती भिंत त्यांना उंच वाटलीच नाही, कारण ती हळूहळू उतरत जमिनीला मिळते. पुढे बोट क्लबच्या बाजूला पाणी पाहत दुपार काढली. सोबत खिमा आणि रोट्या होत्या. येताना अम्मी रस्त्याकडेच्या टोपलीवाल्या बाईशी पेरूच्या भावावरून दहा मिनिटे भांडल्या. त्या भांडल्या याचा आम्हाला झालेला आनंद त्या बाईला समजणे शक्य नव्हते.

बोचकी अजून कपाटावर होती. जोगवाड्यातले घर तोवर उतरवून घेतले होते, त्यामुळे परत जाण्याचा विषय तसाही संपला होता; पण अम्मींनी ती सोडली नव्हती आणि आम्हीही हात लावला नव्हता.

इमारतीची गच्ची ही शेवटची पायरी. तिची घाई आम्हाला नव्हती. इथल्या पहिल्या रमजानमध्ये एकोणतिसाव्या रोज्याला इफ्तार करून मुले चाँद बघायला वर धावली तेव्हा अम्मी आतल्या खोलीत तसबीह घेऊन बसल्या होत्या, आणि चाँदची बातमी त्यांना फोनवरून कळली होती. दुसऱ्या रमजानमध्ये त्यांनीच विचारले, "वर कठडा केवढा आहे?" आम्ही टेप घेऊन गेलो, मोजून आलो. साडेचार फूट, विटांचा, काच नाही. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत बावीस पावले.

एकोणतिसावा रोजा. खजूर आणि पाण्याने रोजा सोडला, मगरिब झाली. नातीने एक हात धरला, दुसरा हात भिंतीला. अम्मी शेवटचा जिना तकबीर म्हणत चढल्या आणि टाकीच्या भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्या. पश्चिमेला त्र्यंबकच्या डोंगरांची काळी रेघ, तिच्यावर फिकट केशरी पट्टा. शेजारच्या दोन इमारतींच्या गच्चीवरही माणसे होती. अर्धा तास सगळ्यांनी डोळे ताणले. डोंगरावर ढगाची पातळ फळी होती. चाँद दिसला नाही. खाली आल्यावर गुण विचारले तर अम्मी म्हणाल्या, "सहा. पण मला वाटलं होतं दहा होतील."

दुसऱ्या दिवशी चाँद शोधण्याची गरजच नव्हती. तीस रोजे पूर्ण झाले होते, ईद नक्की होती. स्वयंपाकघरात शेवया भाजणे चालले होते, मेंदीचे कोन सापडत नव्हते, एकाच्या शेरवानीचे बटण तुटले होते. या गडबडीत अम्मी कुठे आहेत हे कुणाच्या लक्षात आले नाही. शेवटी नातू गच्चीवरून धावत आला आणि म्हणाला, दादी वर आहेत, एकट्याच आहेत, चाँद जाड आहे आणि त्यांनी खुर्ची मागितली आहे. आम्ही खुर्ची घेऊन वर गेलो. त्या टाकी सोडून दहा-बारा पावले पुढे आल्या होत्या, कठड्यापासून अजून बऱ्याच लांब. दुआ करून झाली होती. आम्हाला पाहून म्हणाल्या, "इथे ठेवा. याच्या पुढे नाही. आणि उद्या नमाजनंतर ती बोचकी खाली काढा, त्यात माझी चांगली ओढणी आहे."